कायटोसान-जिलेटिनचा त्वचा-स्कॅफोल्ड: पावडरपासून पेशी-चाचणीपर्यंत

खोल भाजलेल्या जखमेत त्वचेचा वरचा थर, म्हणजे बाह्यत्वचा, कडेकडून सरकत येऊन जखम झाकू शकतो. खालची जाड अंतस्त्वचा मात्र प्रौढ माणसात आपोआप नव्याने तयार होत नाही. शरीर जखमेच्या कडा आत ओढून घेतं, उरलेल्या जागेत व्रणाची ऊती भरतं आणि काम संपवतं. कोपर, मान, बोटं आखडतात ती यामुळेच. एमआयटीतले इओआनिस यानास आणि मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले शल्यविशारद जॉन बर्क यांनी १९८१ मध्ये दाखवून दिलं की कोलॅजन आणि कॉन्ड्रॉइटिन सल्फेटचा सच्छिद्र, विरघळणारा स्पंज जखमेत बसवला तर हे आखडणं रोखता येतं आणि अंतस्त्वचेसारखी ऊती उगवते. हाच स्पंज पुढे 'इंटेग्रा' म्हणून बाजारात आला आणि १९९६ मध्ये त्याला अमेरिकेच्या एफडीएची मान्यता मिळाली.

इथे दिलेली पद्धत त्याच घराण्यातल्या, पण स्वस्त आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत झेपणाऱ्या पदार्थाची आहे: कायटोसान (कोळंबीसारख्या टरफलांपासून मिळणारा पॉलिमर) आणि जिलेटिनचा फ्रीझ-ड्राय केलेला, म्हणजे गोठवून व्हॅक्यूममध्ये वाळवलेला स्पंज. हे संशोधनाचं साहित्य आहे. ते माणसाच्या जखमेवर लावायचं नाही. त्यासाठी वेगळ्या परवानग्या, स्वच्छ खोली आणि चाचण्यांची लांब रांग लागते.

आधी विघटनाचा वेळ ठरवा

बहुतेक प्रकल्प उलट्या क्रमाने सुरू होतात. हाताशी असलेला पॉलिमर घेतला जातो, स्पंज बनतो, आणि तो किती दिवस टिकतो हे शेवटी मोजलं जातं. स्लॅबचं सेंट्रिंग लवकर काढलं तर स्लॅब खचतो आणि काढलंच नाही तर खोली वापरता येत नाही. स्कॅफोल्डचंही, म्हणजे पेशींना तात्पुरता आधार देणाऱ्या या सांगाड्याचंही, तसंच आहे. तो पाच-सहा दिवसांत विरघळला तर जखम आखडायला मोकळी होते. महिनोन्‌महिने राहिला तर शरीर त्याला परकी वस्तू समजून भोवती तंतूंचं कवच बांधतं. त्वचेसाठी धरायचं उद्दिष्ट असं: पहिले दोन आठवडे आकार आणि निदान निम्मं वस्तुमान शाबूत, त्यानंतर हळूहळू नाहीसं होणं. इंटेग्रा लावल्यावर नवी अंतस्त्वचा तयार व्हायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात आणि मग त्यावर पातळ त्वचारोपण करतात. आपलं वेळापत्रक त्याच्याशी जुळायला हवं.

या दृष्टीने पॉलिमरांकडे पाहिलं की निवड सोपी होते. पॉलिकॅप्रोलॅक्टोनला शरीरात विरघळायला दोन वर्षांहून अधिक लागतात. ५०:५० पीएलजीए (लॅक्टिक आणि ग्लायकॉलिक आम्लांच्या निम्म्या-निम्म्या कड्यांचा पॉलिमर) एक-दोन महिन्यांत तुटतो, पण तुटताना लॅक्टिक आणि ग्लायकॉलिक आम्ल सोडतो, आणि जाड तुकड्याच्या पोटात ते साठून विघटन आणखी वेगाने होतं. नुसतं जिलेटिन ३७ °से.ला काही तासांत पाणी होतं. कायटोसान लायसोझाइम या विकरामुळे तुटतो, पण सावकाश. जिलेटिनची घाई आणि कायटोसानचा संथपणा एकत्र आणला की मधला वेळ साधता येतो. शिवाय जिलेटिनमध्ये पेशींना पकडायला लागणाऱ्या जागा असतात, ज्या कायटोसानमध्ये नाहीत.

कच्चा माल

कायटोसान: मध्यम रेणुभार, डीअॅसिटिलेशन (साखळीतल्या किती कड्यांवरचे अॅसिटिल गट काढले आहेत ते प्रमाण) ८० ते ८५ टक्के. हा आकडा बाटलीवर वाचून सोडून देऊ नका. लायसोझाइमला साखळी तोडण्यासाठी अॅसिटिल गट असलेल्या कड्या लागतात. डीअॅसिटिलेशन ९५ टक्क्यांच्या वर गेलं की विकराला धरायला जागाच राहत नाही आणि स्पंज महिनोन्‌महिने तसाच राहतो. त्याच कंपनीच्या दोन लॉटमध्ये पाच टक्क्यांचा फरक सहज असतो, म्हणून पूर्ण मालिका एकाच लॉटवर करा. कोकणातल्या कोळंबी-प्रक्रिया कारखान्यांची टरफलं फुकट मिळतात, पण घरचा कायटोसान या कामाला सुरुवातीला वापरू नका. टरफलातली प्रथिनं पूर्ण गेली नाहीत तर ट्रोपोमायोसिन उरतं, आणि कोळंबीच्या अॅलर्जीचं मुख्य कारण तेच असतं. कॅल्शियम कार्बोनेट उरलं तर राख वाढते आणि द्रावण गढूळ होतं.

जिलेटिन: २२५ ते ३०० ब्लूम (जेल किती घट्ट होतं याचं माप). डुकराच्या कातड्यापासून आम्लाने काढलेलं ते 'टाइप ए', गुरांपासून अल्कलीने काढलेलं ते 'टाइप बी'. दोन्ही चालतात. टाइप बीचा समविद्युत बिंदू, म्हणजे ज्या पीएचला त्यावरचा एकूण भार शून्य होतो तो, ५च्या आसपास आहे, म्हणून मिश्रणाचा पीएच त्याच्या वर गेला की जिलेटिन ऋणभारित होतं, धनभारित कायटोसानशी गुठळी करतं आणि द्रावण दुधासारखं दिसू लागतं. पीएच ४च्या जवळ ठेवला तर हा त्रास होत नाही. उद्या हे रुग्णापर्यंत न्यायचं असेल तर डुक्कर की गाय हा प्रश्न आपल्याकडे फक्त रसायनशास्त्राचा राहत नाही. संमतीपत्रात स्रोत लिहावा लागेल हे आजच ध्यानात घ्या. थंड पाण्यातल्या माशांचं जिलेटिन हा पर्याय दिसतो, पण ते खोलीच्या तापमानाला गोठत नाही आणि साच्यात वेगळं वागतं.

याशिवाय ग्लेशियल अॅसिटिक आम्ल, अॅब्सोल्यूट इथेनॉल, सोडियम हायड्रॉक्साइड, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट, आणि साखळ्या एकमेकींना जोडण्यासाठी ईडीसी हायड्रोक्लोराइड व त्याला मदत करणारं एनएचएस. इथेनॉलसाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवानगीचे कागद लागतात, ते आधीच मार्गी लावा. डिनेचर्ड स्पिरिटने काम भागवू नका. त्यात काय मिसळलंय ते कळत नाही आणि पेशींना ते बरोबर कळतं.

द्रावण

१०० मिलिलिटर मिश्रणातून सहा सेंटिमीटर व्यासाच्या, तीन मिलिमीटर जाडीच्या सुमारे अकरा चकत्या होतात.

१. एक ग्रॅम कायटोसान ५० मिलिलिटर १ टक्का अॅसिटिक आम्लात टाका. पावडर एकदम ओतू नका. स्टरर चालू असताना चिमटीने भुरभुरत सोडा. एकदम पडली तर बाहेरून जेल आणि आत कोरडी पावडर अशा गोळ्या होतात आणि त्या दुसऱ्या दिवशीही सुटत नाहीत. ३०० ते ४०० फेऱ्यांवर रात्रभर ढवळा.

२. एक ग्रॅम जिलेटिन ५० मिलिलिटर थंड १ टक्का अॅसिटिक आम्लात अर्धा तास फुगू द्या, मग ४५ °से.ला विरघळवा. तापमान ६०च्या वर नेऊ नका. आम्लात गरम केलं की साखळ्या तुटतात आणि ब्लूम घसरतो.

३. कायटोसान १०० मायक्रोमीटरच्या नायलॉन जाळीतून गाळा, ४० °से.ला आणा, त्यात जिलेटिन ओता आणि तासभर मंद ढवळा.

४. बुडबुडे काढा. व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये अर्धा तास किंवा सेंट्रिफ्यूजमध्ये २००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या २००० पट) बलाने दहा मिनिटं. राहिलेला प्रत्येक बुडबुडा स्पंजात गोल पोकळी होऊन बसतो, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली लोक त्यालाच 'मोठं छिद्र' म्हणून मोजतात.

साच्यात ८.५ मिलिलिटर ओता: ६ सेंमी व्यासाचं क्षेत्रफळ २८.३ चौरस सेंमी, गुणिले ०.३ सेंमी. साचा अॅल्युमिनियमचा किंवा स्टीलचा हवा. प्लॅस्टिकची पेट्री डिश उष्णता अडवते; त्यात बर्फ कडेकडून आणि वरून असा वेडावाकडा वाढतो.

गोठवणं: छिद्रं इथेच ठरतात

स्पंजातलं छिद्र म्हणजे बर्फाच्या स्फटिकाची रिकामी जागा. त्यामुळे छिद्राचा आकार पॉलिमर कमी आणि फ्रीझर जास्त ठरवतो. वेगाने आणि खूप थंड केलं की असंख्य बारीक स्फटिक होतात, सावकाश आणि कमी थंड केलं की थोडे पण मोठे. कोलॅजन-जीएजी (वर सांगितलेल्या कोलॅजन-कॉन्ड्रॉइटिन सल्फेटच्या प्रकारच्या) स्पंजावर २००५ मध्ये प्रसिद्ध झालेली मोजमापं याबाबत मार्गदर्शक आहेत: गोठवण्याचं अंतिम तापमान −१० °से. असताना सरासरी छिद्र सुमारे १५१ मायक्रोमीटर आणि −४० °से. असताना सुमारे ९६. यानास यांच्या गटाने त्वचेसाठी २० ते १२५ मायक्रोमीटरची पट्टी सांगितली आहे. २०च्या खाली पेशी आत शिरत नाहीत. १२५च्या वर आतलं पृष्ठफळ कमी पडतं आणि पेशींना धरायला पुरेशा जागा उरत नाहीत. आपला पदार्थ वेगळा आहे, तेव्हा हेच आकडे येतील असं धरू नका. दिशा तीच राहील.

शेल्फचं तापमान नियंत्रित करता येणारा फ्रीझ ड्रायर असेल तर २० °से.पासून −४० °से.पर्यंत मिनिटाला १ °से. वेगाने उतरवा आणि तासभर तिथे ठेवा. नसेल तर −२० °से.च्या फ्रीझरमध्ये जाड अॅल्युमिनियमची पाटी आधीपासून ठेवून द्या, साचे तिच्यावर रात्रभर गोठवा, आणि वाळवण्याआधी दोन तास −८० °से.ला हलवा. फ्रीझरमधली पाटी स्पिरिट लेव्हलने सपाट आहे का ते बघा. तीन मिलिमीटरच्या थराला पाटी जराशी कलली तरी एक कड दोन मिलिमीटर आणि दुसरी चार होते, आणि मग ताणाच्या चाचणीतले आकडे का विखुरले याचा शोध महिनाभर चालतो. द्रव नायट्रोजनात बुडवण्याचा मोह टाळा. छिद्रं अतिबारीक आणि एकाच दिशेला लांबट होतात, वर चकती तडकते.

वाळवणं

साचे फ्रीझरमधून ड्रायरपर्यंत नेताना गोठवलेल्या स्टीलच्या ताटावर ठेवा. एवढा पातळ थर हवेत मिनिटभरात वितळू लागतो. ०.१ मिलिबारच्या खाली दाब आणि ३६ ते ४८ तास. चकती हाताला थंड लागत असेल तर आत अजून बर्फ आहे. घाईने काढलेल्या चकतीत मधला भाग कोसळून पारदर्शक, कडक टिकली तयार होते. ही टिकली दिसली की कारण दोनांपैकी एक: वेळ अपुरा, किंवा अॅसिटिक आम्ल जास्त. आम्लामुळे शेवटचं द्रव फार खालच्या तापमानाला गोठतं, आणि ते पूर्ण गोठलं नसेल तर व्हॅक्यूममध्ये भिंती विरघळून बसतात. म्हणून १ टक्का पुरतं. 'लवकर विरघळावं' म्हणून २ टक्के करू नका. आम्लाची थोडी वाफ कंडेन्सर चुकवून पंपाच्या तेलात जातेच. अशा दर तीन-चार फेऱ्यांनंतर तेल बदललं नाही तर पंप बिघडल्याचा दोष नंतर सगळ्या प्रयोगशाळेवर येतो.

तयार चकतीचं वजन १७० मिलिग्रॅमच्या आसपास यावं: ८५ कायटोसान, ८५ जिलेटिन. थोडं जास्त भरलं तर ते कायटोसानला चिकटलेल्या अॅसिटेटचं. घनता सुमारे ०.०२ ग्रॅम प्रति घन सेंमी, म्हणजे घन पॉलिमरची घनता १.३५ धरली तर ९८ टक्क्यांहून अधिक भाग पोकळ.

आम्ल काढणं, जे सगळ्यात जास्त वेळा चुकतं

या टप्प्यावर स्पंज पाण्यात टाकला तर काही मिनिटांत लगदा होईल. कायटोसान अजून अॅसिटेट क्षाराच्या रूपात आहे आणि तो पाण्यात विरघळतो. पण त्याहून मोठी अडचण पुढे आहे. ईडीसी कार्बोक्सिल गटाला जागं करून अमिनोशी जोडतं, आणि अॅसिटेट हासुद्धा कार्बोक्सिलच आहे. आम्ल न काढता क्रॉसलिंकिंग (साखळ्यांची आपसात जोडणी) केलं तर ईडीसी अॅसिटेटवरच खर्ची पडतं आणि जोडलंच तर कायटोसानवर नुसते अॅसिटिल गट बसवतं. प्रोटोकॉल जसाच्या तसा पाळूनही स्पंज ३७ °से.ला विरघळतो, तेव्हा बहुतेक वेळा कारण हेच निघतं.

क्रम असा ठेवा. चकती अॅब्सोल्यूट इथेनॉलमध्ये एक तास. हलका व्हॅक्यूम देऊन आतली हवा बाहेर काढा, नाहीतर ती तरंगत राहते आणि मध्यभाग कोरडा राहतो. मग ८० टक्के इथेनॉलमध्ये बनवलेलं ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, चकतीमागे २० मिलिलिटर, एक तास. सोडियम हायड्रॉक्साइड आधी पाण्याच्या हिश्शात विरघळवून मग इथेनॉल घाला. नंतर नुसत्या ८० टक्के इथेनॉलमध्ये वीस-वीस मिनिटांच्या तीन धुण्या. शेवटच्या धुण्यात पीएच पट्टी ७ ते ८ दाखवली पाहिजे, नाहीतर चौथी धुणी. इथेनॉल असल्यामुळे जिलेटिन आतच राहतं. थेट पाण्यातलं सोडियम हायड्रॉक्साइड वापरलं तर जिलेटिन निसटतं आणि चकती सुकल्या पापडासारखी वळते.

क्रॉसलिंकिंग

ग्लुटाराल्डिहाइड स्वस्त आहे, पटकन काम करतं आणि उरलेलं पेशी मारतं. जेनिपिन सौम्य आहे, पण स्पंज निळा होतो आणि लाल रंगात चमकतो, त्यामुळे पुढे फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकात पेशी शोधणं अवघड जातं. ईडीसी स्वतः साखळीत राहत नाही, विरघळणारा यूरिया होऊन धुतलं जातं. म्हणून इथे तेच.

हिशोब: एक ग्रॅम जिलेटिनमध्ये कार्बोक्सिल गट ढोबळमानाने एक मिलिमोल धरा. ईडीसी, एनएचएस आणि कार्बोक्सिल यांचं प्रचलित प्रमाण ५:२:१. एका चकतीतल्या ८५ मिलिग्रॅम जिलेटिनसाठी ईडीसी हायड्रोक्लोराइड ८१ मिलिग्रॅम आणि एनएचएस २० मिलिग्रॅम, १७ मिलिलिटर ९० टक्के इथेनॉलमध्ये. म्हणजे ईडीसी २५ मिलिमोलर, एनएचएस १० मिलिमोलर. ४ °से.ला २४ तास, हलक्या हलवणीवर. पीबीएस (फॉस्फेट बफर घातलेलं मीठपाणी) किंवा ट्रिस बफर इथे आणू नका: फॉस्फेट ईडीसीशी क्रिया करतं आणि ट्रिसचा अमिनो गट जोडणीत घुसतो.

ईडीसीची बाटली −२० °से.ला ठेवतात. काढल्याबरोबर उघडली तर हवेतली वाफ आत जमते, आणि मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तर लगेच. बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत बंद ठेवा. पावडर मोकळी न राहता ढेकूळ झाली असेल तर ती टाकून द्या. वजन बरोबर भरेल, काम होणार नाही.

आता ५:२:१ हे प्रमाण त्वचेसाठी बरेचदा गरजेपेक्षा जास्त असतं. पेशी जिलेटिनला ज्या अमिनो आम्लांच्या क्रमावरून ओळखतात त्यातही कार्बोक्सिल आहे आणि क्रॉसलिंकिंगमध्ये तोही खर्च होतो. स्पंज मजबूत होतो, पण पेशींना ओळखू येत नाही. सुरुवातीपासूनच तीन गट करा: वरचं प्रमाण, त्याचं निम्मं आणि वरच्याच प्रमाणाचं पंचमांश. विघटन आणि पेशींची पकड या दोन्ही चाचण्या तिन्ही गटांवर करा. पकडीच्या चाचणीत मधला गट बाजी मारतो असं दिसलं तर नवल वाटून घेऊ नका.

२४ तासांनंतर ५० टक्के इथेनॉलमध्ये अर्धा तास, मग ०.१ मोलर डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेटमध्ये दोन तास (अर्धवट जागे झालेले गट यात शांत होतात), आणि शेवटी शुद्ध पाण्यात अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चार धुण्या. पुन्हा गोठवा आणि पुन्हा वाळवा. चकती थोडी आकसतेच. व्यास आधी आणि नंतर मोजून ठेवा, कारण आकसणं फेरीगणिक बदलत असेल तर छिद्रंही बदलत आहेत.

जोडणी झाली का हे पाहायला लोक टीएनबीएस किंवा निनहायड्रिनने मोकळे अमिनो गट मोजतात. नुसत्या जिलेटिनमध्ये ते ठीक. इथे कायटोसानचेच अमिनो गट इतके आहेत की जिलेटिनमधला बदल त्यात बुडून जातो. साधी चाचणी जास्त खरं सांगते: वजन केलेला तुकडा ३७ °से.च्या पाण्यात २४ तास ठेवा, पाण्यातलं प्रथिन बीसीए पद्धतीने मोजा, तुकडा वाळवून पुन्हा वजन करा. जिलेटिन बाहेर आलं नसेल तर जोडणी झाली.

विघटनाची चाचणी

इथे घाई करू नका. सगळं काम या चाचणीसाठी चाललं आहे. दहा मिलिग्रॅमचे तुकडे, प्रत्येक वेळेसाठी पाच, ३७ °से.ला पाच मिलिलिटर द्रावणात. मोजण्याचे दिवस १, ३, ७, १४, २१ आणि २८. एक गट नुसत्या पीबीएसमध्ये, दुसरा लायसोझाइममध्ये, तिसरा कोलॅजिनेझमध्ये (जिलेटिन तोडणारं विकर).

लायसोझाइमचं प्रमाण पाहताना सावध राहा. मानवी रक्तद्रवाशी जुळवण्यासाठी अनेक प्रयोगांत मिलिलिटरला १.५ मायक्रोग्रॅम घेतात, आणि इतर अनेकांत १०,००० युनिट, जे त्याच्या शंभरपटीहून जास्त भरतं. दोन्ही प्रमाणांचे आलेख 'शरीरासारखी परिस्थिती' या एकाच मथळ्याखाली छापलेले आढळतात. दोन्ही करा, पण निष्कर्ष पहिल्यावरून काढा. दुसरं फक्त गटांची आपसात तुलना करायला बरं. कोलॅजिनेझला कॅल्शियम लागतं, म्हणून ते ट्रिस बफरमध्ये ५ ते १० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड घालून वापरा. फॉस्फेट बफरमध्ये कॅल्शियम खाली बसतं, विकर बंद पडतं आणि आपला स्पंज फार टिकाऊ आहे असा गोड गैरसमज होतो. दोन्ही विकरं ३७ °से.ला दोन-तीन दिवसांत मंदावतात. द्रावण तितक्या दिवसांनी बदला. वजन करण्याआधी तुकडा पाण्यात नीट धुवा. आतल्या पीबीएसचं मीठ वाळून वजनात भर घालतं आणि दुसऱ्या आठवड्यात वजन वाढल्याचे चमत्कार तिथूनच येतात.

वेळ जुळवायला हाती तीन गोष्टी आहेत: जिलेटिनचा वाटा, कायटोसानचं डीअॅसिटिलेशन आणि ईडीसीचं प्रमाण. एका वेळी एकच बदला. स्पंज लवकर कोसळत असेल तर आधी ईडीसी बघा. जिलेटिन गेल्यावर कायटोसानची जाळी हट्टाने उरत असेल तर ईडीसी कमी करून फरक पडणार नाही, डीअॅसिटिलेशन खाली आणावं लागेल.

फुगणं, ताण आणि सूक्ष्मदर्शक यांबद्दल थोडक्यात. ओल्या स्पंजाचं वजन करताना टिपकागदावर दाबू नका, पाणी पिळून निघतं. चिमट्याने मिनिटभर उभा धरा आणि तोला. ताण नेहमी ओल्या अवस्थेत मोजा, कारण जखमेत तो कोरडा नसणार. सूक्ष्मदर्शकासाठी तुकडा द्रव नायट्रोजनात थिजवून नव्या ब्लेडने कापा; साध्या कापणीत भिंती चेपतात. वरची, मधली आणि तळाची अशा तिन्ही जागी निदान पन्नास-पन्नास छिद्रं मोजा. हवेकडच्या बाजूला बंद साय आली असेल तर ती इथे दिसेल. पेशी त्या बाजूने आत जाणार नाहीत, म्हणून तळाची बाजू जखमेकडे.

वरचा थर

उघडा स्पंज जखमेतलं पाणी थांबवू शकत नाही. निरोगी त्वचेतून दिवसाला चौरस मीटरमागे सुमारे २०० ग्रॅम बाष्प जातं, दाणेदार ऊती उघडी असलेल्या जखमेतून ५००० ग्रॅमच्या वर. आच्छादनासाठी २००० ते २५०० ग्रॅम हे सोयीचं उद्दिष्ट मानलं जातं: जखम सुकत नाही आणि खाली पाणीही साचत नाही. इंटेग्रात यासाठी सिलिकॉनचा पातळ पडदा असतो, जो रोपणाच्या वेळी सोलून काढतात. आपल्याकडे पॉलिकॅप्रोलॅक्टोनची इलेक्ट्रोस्पन (उच्च विद्युतदाबाने ओढलेल्या अतिबारीक धाग्यांची) चादर वापरून पाहता येते: रेणुभार ८०,०००, क्लोरोफॉर्म-मिथेनॉल ३:१ मध्ये १० टक्के, १२ ते १५ किलोव्होल्ट, सुईपासून १५ सेंमी, तासाला १ मिलिलिटर. ही चादर साच्याच्या तळाशी घालून वर द्रावण ओततात. आधी ती इथेनॉलने आणि मग १ टक्का आम्लाने भिजवा. पाणी न धरणारी कोरडी चादर द्रावणावर तरंगते आणि वाळल्यावर सुटून येते. असा स्पंज वापरताना चादरीची बाजू अर्थातच वर. ही चादर दोन वर्षं टिकणारी आहे, म्हणजे तिलाही सोलूनच काढायचं आहे.

निर्जंतुकीकरण

ऑटोक्लेव्ह बाद, जिलेटिन शिजतं. गॅमा किरणांचा नेहमीचा २५ किलोग्रेचा डोस कायटोसान आणि जिलेटिन दोन्हींच्या साखळ्या तोडतो, त्यामुळे चार आठवडे टिकणारा स्पंज लवकर जाऊ शकतो. तरीही तो मार्ग बंद नाही: ट्रॉम्बेला १९७४ मध्ये उभं राहिलेलं आयसोमेड हे किरणन केंद्र वैद्यकीय वस्तूंसाठी हेच काम करण्याकरता आहे. नमुने पूर्ण कोरडे, नायट्रोजन भरलेल्या पाकिटात आणि थंड ठेवून पाठवले तर नुकसान कमी होतं. एथिलीन ऑक्साइड चालतं, पण वायू पूर्ण निघून जायला वेळ द्यावा लागतो आणि तो अमिनो गटांशी थोडी क्रिया करतो. पद्धत कुठलीही असो, विघटनाची चाचणी निर्जंतुक केलेल्या नमुन्यावर पुन्हा करा. निर्जंतुक करण्याआधीचा आलेख वापरायच्या वस्तूचा नव्हेच. पेशींच्या प्राथमिक कामाला ७० टक्के इथेनॉलमध्ये एक तास आणि मग निर्जंतुक पीबीएसच्या पाच-सहा धुण्या पुरतात.

पेशी

विषारीपणाची पहिली पायरी आयएसओ १०९९३-५ या मानकातली पेशी-चाचणी. एल९२९ (उंदराच्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे तंतू बनवणाऱ्या) पेशी आणि त्वचेसाठी हॅकॅट (माणसाच्या बाह्यत्वचेच्या) पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहातून मागवता येतात. अर्क काढताना सच्छिद्र वस्तूसाठी मिलिलिटरला ०.१ ग्रॅम, ३७ °से., २४ तास. पण हा स्पंज माध्यम शोषून घेतो. त्याने किती शोषलं ते आधी मोजून तेवढं माध्यम जास्तीचं घाला, नाहीतर अर्क हातीच लागणार नाही. जिवंत पेशींचं प्रमाण नियंत्रण गटाच्या ७० टक्क्यांखाली गेलं तर नमुना विषारी धरतात. तसं झालं तर आधी धुण्या तपासा. उरलेलं आम्ल किंवा उरलेला अल्कली, बहुतेक वेळा दोनांपैकी एक.

थेट स्पंजावर वाढवण्यासाठी आठ मिलिमीटरच्या चकतीवर एक लाख फायब्रोब्लास्ट, फक्त ३० ते ५० मायक्रोलिटरमध्ये. दोन तास तसंच ठेवून मग माध्यम भरा. एकदम भरलं तर निम्म्या पेशी थाळीच्या तळाला जाऊन चिकटतात आणि त्यांचीही मोजणी स्पंजाच्या खात्यात पडते. मोजण्याआधी चकती नव्या थाळीत हलवा. एमटीटी ही जिवंत पेशी मोजणारी रंगाची चाचणी इथे फसवी आहे, कारण जांभळा फॉर्माझान स्पंजात अडकतो. रेझाझुरिन हा दुसरा रंग बरा, डीएनए मोजणी त्याहून बरी. पेशी नसलेला स्पंज दर वेळी सोबत ठेवा.

हळदीबद्दल एक शब्द. आपल्याकडच्या दर दुसऱ्या प्रबंधात स्पंजात कर्क्युमिन घातलेलं असतं. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, वरच्या इथेनॉलच्या धुण्यांत निघून जातं, अल्कलीत तुटतं, स्वतः चमकतं आणि रंगावर आधारलेल्या चाचण्यांत लुडबुड करतं. चांदीचे नॅनोकण असोत की कर्क्युमिन, मूळ स्पंजाच्या तीन स्वतंत्र फेऱ्या सारख्या निघेपर्यंत काहीही मिसळू नका.

प्राणी-चाचणी आणि कागद

संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी घेतल्याशिवाय एकही उंदीर मागवू नका, हे वेगळं सांगायला नको. उंदराची त्वचा सैल असते आणि तिच्या खालचा स्नायूंचा थर जखम ओढून बंद करतो. म्हणून उंदरावर जवळपास काहीही लावलं तरी 'जखम भरली'. सिलिकॉनची रिंग टाक्यांनी शिवून कडा स्थिर ठेवल्या तरच नवी ऊती किती उगवली ते कळतं. डुकराची त्वचा माणसाच्या अधिक जवळची, पण खर्च आणि सोयी मोठ्या. जखमेचं क्षेत्रफळ एवढ्यावर थांबू नका; आखडून किती बंद झाली आणि नव्या ऊतीने किती, हे वेगळं मोजा.

अंतर्विष (जिवाणूंच्या आवरणातलं विष) तपासताना कायटोसान पुन्हा आडवा येतो. तो धनभारित असल्याने ऋणभारित अंतर्विषाला धरून ठेवतो आणि अंतर्विष मोजणाऱ्या एलएएल चाचणीत आकडा कमी दिसतो. ठाऊक असलेलं अंतर्विष मुद्दाम घालून किती परत मिळतं ते दाखवल्याशिवाय तो निकाल कुणी मानणार नाही.

भारतात अशी वस्तू वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ खाली येते आणि शरीरात विरघळणारी असल्यामुळे जोखमीच्या वरच्या वर्गात जाते. तिथे पहिले प्रश्न पदार्थाच्या उगमाचे असतात: कायटोसान कुठल्या जातीच्या टरफलापासून, जिलेटिन कुठल्या देशातल्या जनावरांपासून, कुठला लॉट, कुठलं प्रमाणपत्र. ही माहिती पाच वर्षांनी पुरवठादाराकडून मिळत नाही. पहिल्या फेरीच्या दिवशीच प्रत्येक बाटलीचं लेबल आणि विश्लेषणपत्र वहीत चिकटवा, आणि त्या फेरीच्या दोन चकत्या सिलिका जेलसह बंद पाकिटात ४ °से.ला राखून ठेवा.